कॅमशाफ्ट बदलताना : एका पद्मिनीच्या पोटातला इतिहास

१/२५
आजचा धागा नेहमीच्या वाटेने जाणारा नाही. एरवी इथे मी ताम्रपट, बखरी आणि दफ्तरखान्यातील कागद यांच्याविषयी लिहिते. आज लिहिणार आहे ते सुमारे दोन वीत लांबीच्या एका तेलकट लोखंडी दांड्याविषयी. आमच्या घरच्या १९८४ सालच्या प्रीमिअर पद्मिनीचा हा कॅमशाफ्ट. तो माझ्या चुकीने खराब झाला. तो बदलता बदलता मुंबईच्या कारखानदारीचा इतिहास तर उलगडत गेलाच, पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ज्या एका गोष्टीचा मला अभिमान होता, तिथेच मी उणी पडले होते हेही कळले. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२/२५
गाडी आजोबांची. ते बँकेत नोकरीला होते. १९७९ साली त्यांनी गाडीसाठी नाव नोंदवले आणि ती दारात आली १९८४ साली. बाबा तेव्हा शाळेत जात होते. पाच वर्षांच्या या प्रतीक्षेचे त्या काळी कुणाला नवल वाटत नसे. परवाना पद्धतीच्या त्या दिवसांत मोटार, स्कूटर, टेलिफोन अशा साऱ्याच वस्तूंसाठी रांग असे. आजोबांनी पांढरा रंग मागितला होता, मिळाला राखाडी. आजी आजही म्हणते, “रंग कोण बघतंय? मिळाली हेच खूप होतं.” कोकणातले गाव, पंढरपूर, आत्याचे लग्न, माझे बारसे अशा घरातल्या सगळ्या लहानमोठ्या प्रवासांना ती गाडी साक्षीला आहे.

३/२५
आजोबा २०२० साली गेले. ठाण्याला आमच्या सोसायटीच्या आवारात गाडी तीन वर्षे आच्छादनाखाली उभी राहिली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर बातमी आली की मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरते आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात तिची नोंदणी झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची मर्यादा आता पूर्ण झाली होती. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरू लागली. मला वाटले, आपल्या घरी तर खरीखुरी पद्मिनी आहे! नवी बॅटरी आणली, ताजे पेट्रोल घातले, किल्ली फिरवली. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला इंजिन धडधडले. आनंदाच्या भरात मी ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि तो आवाज मोबाइलवर टिपून घेतला. तो आवाज आजही माझ्याकडे आहे, पण मला तो ऐकवत नाही. त्याच मिनिटात मी इंजिनाचे नुकसान करत होते.

४/२५
पुढचे दोन महिने दर रविवारी मी गाडी बाहेर काढत असे. जानेवारीत इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. जवळच्या एका गॅरेजमध्ये टॅपेट सेट करून घेतले. आठवडाभर बरे वाटले, मग टिकटिक परतली. पुन्हा सेट केले, पुन्हा परतली. त्यानंतर गाडी चढावर दम टाकू लागली आणि मधूनच कार्बोरेटरमधून फट् फट् असा उलटा भपकारा येऊ लागला. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असे जो तो म्हणे. मीही काही दिवस तेच म्हणून वेळ काढला.

५/२५
वेळ मात्र फारसा नव्हता. खासगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती नूतन करावी लागते. आमची मुदत २०२४च्या मध्यावर संपत होती. बाबांनी स्पष्ट सांगितले, “तोवर धड चालली तर नोंदणी करू. नाही तर भंगारात देऊ. उगाच जागा अडवून ठेवायची नाही.” मला राग आला, पण बाबांचे काय चुकले होते? विमा तेच भरत होते, पार्किंगवरून शेजाऱ्यांची बोलणी तेच ऐकत होते. आजी काहीच बोलली नाही. तिचे न बोलणे मला जास्त लागले.

६/२५
कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी इथे थोडे थांबते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन वॉल्व्ह असतात. एक पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेतो, दुसरा जळलेला वायू बाहेर सोडतो. त्यांनी केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि किती काळ उघडे राहायचे, हे कॅमशाफ्ट ठरवतो. या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे असतात; तेच कॅम. दांडा फिरला की कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला, आणि रॉकरचे दुसरे टोक वॉल्व्ह दाबून उघडते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो.

७/२५
एवढी घासाघीस होऊनही कॅम टिकतो कसा? टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर असतो आणि कॅमचा माथाही अगदी थोडा तिरका असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवतीही फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तीन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ते तेल निथळून जाते. एखादा टॅपेट आपल्या खोबणीत अडकून फिरेनासा होतो. अशा कोरड्या इंजिनाला पहिल्याच मिनिटात पळवले की कॅमच्या माथ्यावरचा कठीण थर खरवडला जातो. तो गेला की खालचे मऊ लोखंड काही शे किलोमीटरांत झिजून जाते. मी केले ते नेमके हेच.

८/२५
हे निदान केले भांडुपच्या एका गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी. वय सत्तरीच्या पुढचे. सारी हयात टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी आधी नुसता आवाज ऐकला. मग रॉकरवरचे झाकण काढून डायल गेज लावले आणि इंजिन हाताने फिरवत एकेक पुश रॉड किती उचलला जातो ते मोजले. तिसऱ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट इतरांपेक्षा जवळपास दीड मिलिमीटर कमी उचलला जात होता. काका म्हणाले, “जळका धूर बाहेर जायचं दारच नीट उघडत नाही. मग तो आत यायच्या दारातून परत फिरतो. कार्बोरेटर खोकतो तो त्यानं. कॅम घासलाय बाळ, बदलावा लागेल.”

९/२५
मी नकार दिला. म्हणाले, “काका, दुसरा नको. हाच वेल्डिंग करून, घासून पुन्हा आकारात आणता येईल ना?” ते म्हणाले, “येईल की. पण वरचं कडक कातडं तसंच परत येईल याचा भरवसा मी देत नाही. एवढा काय जीव अडकलाय त्यात?” मी सांगितले, तो मूळ आहे, १९८४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून आला तोच. आम्हाला वर्गात पहिल्या दिवसापासून शिकवतात की मूळ साधन ते मूळ साधन आणि प्रत ती प्रत. आजोबांच्या गाडीची प्रत मला करायची नव्हती. या हट्टाचे मूळ समजण्यासाठी या इंजिनाची वंशावळ पाहायला हवी.

१०/२५
ही वंशावळ इटलीतल्या तुरीन शहरात सुरू होते. १९३७ साली फियाट कंपनीने ५०८ सी ही लहान मोटार बाजारात आणली. दांते जाकोसा हे तिचे अभियंते. पुढे फियाटच्या छोट्या मोटारींच्या इतिहासात या नावाला फार मोठे स्थान मिळाले. तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि एकूण क्षमता १०८९ घनसेंटिमीटर. कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये. १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाट ११०० हे संपूर्ण नवे मॉडेल आले, पण इंजिन याच मापांचे राहिले. आमच्या १९८४च्या पद्मिनीचे आकडे कोणते? ६८, ७५ आणि १०८९.

११/२५
ते कुर्ल्याला कसे पोहोचले, त्याची कथा सोलापूरला जन्मलेल्या एका उद्योजकाची आहे. भारतात मोटार बनावी, असा आग्रह १९३०च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी धरला होता. वालचंद हिराचंद यांनी तो उचलून धरला आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सरकारने या कारखान्याला पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. १९४७पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ साली वारले. मुंबईच्या रस्त्यांवर फियाटचे राज्य आलेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

१२/२५
१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्याआधी मुंबईत मोटारी ‘जोडल्या’ जात. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८चा. परदेशातून सुटे भाग यायचे, इथे ते बसवले जायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की टप्प्याटप्प्याने सुटे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल, त्याच कंपन्यांना पुढे काम करू द्यावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमिअर राहिली. म्हणजे कुर्ल्याच्या गाडीतला प्रत्येक भाग एका धोरणाची खूण आहे: हे आम्ही इथे करू. माझ्यासाठी तो कॅमशाफ्ट नुसता सुटा भाग नव्हता, तो त्या धोरणाचा दस्तऐवज होता.

१३/२५
आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. १९६०च्या दशकात कुर्ल्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस फियाटशी असलेला करार संपला. गाडीचे नाव आधी ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाले आणि मग, चितोडच्या राणीवरून, ‘पद्मिनी’. नाव बदलले, गाडी तीच राहिली. तिकडे तुरीनमध्ये १९६९ साली फियाट १२८ आली आणि ११००चा वंश संपला. १२८चा कॅमशाफ्ट ब्लॉकमधून उठून थेट वर, वॉल्व्हच्या माथ्यावर गेला होता. त्यामुळे पुश रॉडची गरज उरली नाही. इंजिन हलके झाले आणि अधिक वेगाने फिरू शकले.

१४/२५
पुरातत्त्वात मातीच्या थरांवरून काळ ओळखतात. छोट्या मोटारींच्या इंजिनांत कॅमशाफ्टची जागा हा असाच एक थर आहे. खाली असेल तर आराखडा बहुधा जुन्या पिढीचा, वर असेल तर नव्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर होता. पुढच्याच वर्षी आमच्या दारात आलेल्या पद्मिनीत तो खाली होता, १९३७ सालच्या जागी. दोन गाड्या एकाच वेळी एकाच रस्त्यावर धावत होत्या, पण त्यांची इंजिने दोन वेगळ्या काळांतली होती.

१५/२५
हे का घडले? परकीय चलनाची टंचाई होती. नवे साचे, नवी यंत्रे आणायची म्हणजे सरकारी परवानगी. गाड्यांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रण होते आणि त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शिवाय दारात ग्राहकांची रांग असताना नवा आराखडा आणण्याची निकड कुणाला वाटावी? पण एवढे सांगून थांबणे अपुरे होईल. एकच इंजिन दशकानुदशके बनत राहिल्यामुळे ते गल्लोगल्लीच्या मिस्त्रीला तोंडपाठ झाले. एकाचा भाग दुसऱ्याला बसे. शाळा अर्धवट सोडलेल्या कितीतरी मुलांनी याच इंजिनावर हात बसवून संसार उभे केले. भांडुपचे काका त्यांतलेच एक. साचलेल्या काळाचे तोटे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. त्याने काय दिले ते अशा माणसांच्या हातांत.

१६/२५
काकांच्या सांगण्यावरून मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने तिथे ओळीने आहेत. पाच दुकानांत नकार मिळाला. सहाव्यात एका वृद्ध दुकानदारांनी माळ्यावरून मेणकागदात गुंडाळलेला, न वापरलेला कॅमशाफ्ट काढून दिला. सोबत आठ नवे टॅपेट. काकांनी बजावले होते, “नव्या कॅमला जुने टॅपेट लावायचे नाहीत. जुन्याची झीज नव्याला खाते.” हट्ट सोडलेला नसतानाही मी ते विकत घेतले; जुना बाहेर काढून पाहू आणि मग ठरवू, असे मनाशी म्हटले. पद्मिनी जिथे बनली तो कारखाना तिथून फार लांब नव्हता. आज त्या जागी इमारती आहेत. प्रीमिअरचे नाव एका रस्त्याला उरले आहे.

१७/२५
फेब्रुवारीच्या एका शनिवारी इंजिन उतरवले. बॅटरी सोडली, पाणी आणि तेल काढले, रेडिएटर बाजूला केला, आणि चेनकुप्पीला टांगून इंजिन गाडीबाहेर आले. कामाला क्रम होता आणि काका तो मोडू देत नसत. रॉकर काढले. आठ पुश रॉड एका पुठ्ठ्याला भोके पाडून, आपापल्या क्रमांकाने त्यात खोचून ठेवले. डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप काढले, कारण दोन्ही कॅमशाफ्टवरच चालतात. मग हेड आणि ऑइल चेंबर काढून इंजिन उलटे केले. उलटे कशासाठी? सरळ असताना टॅपेट कॅमवर टेकलेले असतात. उलटे केले की स्वतःच्या वजनाने ते दूर सरकतात आणि दांड्याला वाट मोकळी होते.

१८/२५
पुढचे टायमिंगचे झाकण उघडले. आत चेन आणि दोन दातेरी चक्रे. वरच्या चक्राला खालच्याच्या दुप्पट दाते. ‘दोन फेऱ्यांना एक’ हा नियम इथे डोळ्यांना दिसतो. चेन उतरवून काकांनी कॅमशाफ्ट दोन्ही हातांनी, फिरवत फिरवत, बाळंतिणीच्या खोलीतून पाळणा काढावा तशा हलक्या हाताने ओढला. कॅमची धार आतल्या बेअरिंगला लागली तर ते ओरखडते. दांडा बाहेर आला. सात कॅम गुळगुळीत होते. सहावा, तिसऱ्या सिलिंडरच्या एग्झॉस्टचा, माथ्यावर चपटा होऊन खरबरीत झाला होता. त्याच्या टॅपेटच्या तळाला वाटीसारखा खळगा पडला होता. इतरांच्या तळावर फिरल्याच्या गोल रेषा होत्या. याच्यावर एकच सरळ चरा.

१९/२५
मी दांडा कापडात गुंडाळू लागले तेव्हा काका टायमिंगच्या झाकणाकडे पाहत होते. म्हणाले, “हे बघ, हे पॅकिंग कंपनीचं नाही.” खरेच, झाकणाखालचे पॅकिंग जाड कागदाचे होते आणि त्याची कड हातोडीने ठोकून कापलेली दिसत होती. बोल्टच्या भोकांभोवती जुन्या शेलॅकचा तांबूस थर होता. ब्लॉकवर, कारखान्याच्या खुणेशेजारी, कुणीतरी सेंटर पंचने दोन बारीक ठिपके मारले होते. काका हसले. “तुझ्या आधी कुणीतरी इथे येऊन गेलंय. हा कॅम १९८४चा नाही.” मी वाद घालू पाहिला. पण समोर पुरावा होता आणि तो वाचता येणारा माणूस माझ्याहून जास्त वाचलेला होता.

२०/२५
घरी येऊन आजीला विचारले, गाडीचे इंजिन कधी उघडले होते का? ती उठली आणि कपाटातून लाल पुठ्ठ्याची एक वही घेऊन आली. गाडी आली त्या दिवसापासूनचा आजोबांचा हिशेब त्यात होता: तारीख, किलोमीटर, पेट्रोलचे लिटर, खर्च. शेवटच्या कोऱ्या पानांवर आजीने दुधाचे खाडे मांडले होते. १९९६च्या मार्चमध्ये आजोबांच्या ठसठशीत अक्षरांत नोंद होती: ‘कॅम व ८ टॅपेट बदलले. चेन नवी. टायमिंगच्या खुणा करून ठेवल्या.’ ज्या दांड्याला मी कुर्ल्याचा मूळ दस्तऐवज म्हणून कवटाळून बसले होते, तो १२ वर्षांनंतर बसवलेला दुसरा होता. “आजी, तू मला ही वही आधी का नाही दाखवलीस?” “तू विचारलंस कुठे? तू तर परस्पर किल्ली घेऊन खाली गेलीस.”

२१/२५
त्या रात्री वही पहिल्या पानापासून वाचली. आजोबांना गावाहून परतायला उशीर झाला, आजारपण आले, पाऊस लांबला, की गाडी उभी राहत असे. अशा प्रत्येक खंडानंतर एकच नोंद होती, शब्द थोडे इकडेतिकडे. त्यांतली एक उतरवून देते: ‘१८ दिवस उभी. कॉइलची तार काढून स्टार्टर फिरवला. तेलाचा दिवा विझल्यावर तार लावून चालू केली. घाई करू नये.’ म्हणजे ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसते फिरवायचे, तेल वरपर्यंत पोहोचू द्यायचे आणि मगच इंजिन सुरू करायचे. १८ दिवसांसाठी ते एवढे जपत होते. मी तीन वर्षांनंतर किल्ली फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

२२/२५
साधने आधी वाचावीत, मग निष्कर्ष काढावेत, हे मी या खात्यावर किती वेळा लिहिले असेल! दफ्तरखान्यात एक रुमाल सुटावा म्हणून मी आठवडा आठवडा थांबले आहे. आणि इथे घरातल्या कपाटात, आजीच्या दुधाच्या हिशेबाला चिकटून, हवे ते साधन पडून होते. ते पेट्रोलच्या खर्चाचे होते म्हणून मला साधन वाटलेच नाही. न वाचलेल्या त्या एका ओळीची किंमत तिसऱ्या सिलिंडरने मोजली. आणि ‘मूळ’ भागाचे म्हणाल, तर आजोबांनी कॅम बदलला, खुणा केल्या, नोंद ठेवली. म्हणूनच गाडी माझ्यापर्यंत पोहोचली. सकाळी काकांना फोन केला, “नवा बसवूया.”

२३/२५
बसवताना प्रत्येक कॅमला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावली. चक्रांच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवली. आजोबांच्या मिस्त्रीने मारलेले दोन ठिपकेही तंतोतंत जुळले. २८ वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी हाताला मी मनातल्या मनात नमस्कार केला. डिस्ट्रिब्युटर काकांनी माझ्याकडून बसवून घेतला. खूण जुळवून मी ‘झालं’ म्हणाले. त्यांनी विचारले, “एक नंबरचे दोन्ही वॉल्व्ह मिटलेत का बघितलंस?” पाहिले नव्हते. क्रँकची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते. ठिणगीची वेळ त्यांपैकी एकदाच असते. मी अर्ध्या फेऱ्याने चुकले होते. काढून पुन्हा बसवला. १-३-४-२ या क्रमाने तारा लावल्या.

२४/२५
इंजिन गाडीत बसल्यावर कॉइलची तार काढली. किल्ली मी फिरवली. तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबले. कुणी काही बोलले नाही. मग तार लावली. पहिल्याच प्रयत्नात इंजिन सुरू झाले. नव्या कॅमला पहिली २० मिनिटे मंद गतीवर ठेवायचे नसते. मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर धरून ठेवायचे, म्हणजे त्याच्यावर तेलाचे भरपूर शिंतोडे उडतात आणि कॅम व टॅपेट एकमेकांशी जुळतात. ती २० मिनिटे काका घड्याळ धरून उभे होते. इंजिन थंड झाल्यावर तेल बदलले, टॅपेट पुन्हा सेट केले. टिकटिक गेली होती. मे महिन्यात तपासणी झाली आणि नोंदणीला पाच वर्षांची मुदत मिळाली. कार्यालयातून परतताना बाबांनी किल्ली मागून घेतली आणि गाडी त्यांनीच चालवली. आजी मागे बसली होती; मुलुंड येईपर्यंत ती रस्ता बघत होती, मग म्हणाली, “आवाज तोच आहे.”

२५/२५
जुना कॅमशाफ्ट मी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला आहे. त्याच्या चिठ्ठीवर ‘मूळ’ असे लिहिलेले नाही. ‘मार्च १९९६ ते फेब्रुवारी २०२४, सहावा कॅम माझ्या निष्काळजीपणाने झिजला’ असे लिहिले आहे. लाल वहीत आजोबांच्या शेवटच्या नोंदीखाली, आजीला विचारून, मी पुढची नोंद केली: तारीख, किलोमीटर, ‘कॅम व ८ टॅपेट बदलले’. वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल: गाडीची, शेतीची, विहिरीच्या पंपाची, शिलाई यंत्राची. ती रद्दीत जाण्याआधी वाचा, आणि ज्यांना तिच्याविषयी ठाऊक आहे त्यांना आजच विचारा. सापडले तर खाली अवश्य लिहा. पुढच्या धाग्यात पुन्हा ताम्रपट.